डिबगरला व्हेरिएबल सापडत नाही, तेव्हा तो नेमकं काय सांगत असतो

प्रश्न थोडक्यात असा: सी भाषेतला सात-आठ फाइल्सचा प्रोग्रॅम आहे. मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते लिहिलेल्या फाइलमध्ये, '-जी' हा डिबगरसाठी माहिती लिहून ठेवायला सांगणारा कम्पायलरचा पर्याय लावलेला आहे. जीडीबी या डिबगरमध्ये ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर एका फंक्शनमध्ये 'प्रिंट टोटल' म्हटलं की 'नो सिम्बॉल टोटल इन करंट कॉन्टेक्स्ट' असं उत्तर येतं. दुसऱ्या फाइलमधल्या फंक्शनमध्ये 'काउंट' विचारलं की किमतीच्या जागी 'ऑप्टिमाइज्ड आउट' दिसतं. व्हेरिएबल कोडमध्ये डोळ्यांसमोर आहे आणि प्रोग्रॅमही बरोबर चालतो. मेकफाइल तीनदा तपासली, '-जी' जागेवर आहे. मग डिबगरला व्हेरिएबल ओळखता का येत नाही?

पहिली गोष्ट म्हणजे ही एक अडचण नाही, दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. 'काउंट' ऑप्टिमाइज्ड आउट आहे असं जीडीबी सांगतो, म्हणजे या नावाचं व्हेरिएबल या फंक्शनमध्ये आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या फाइलपर्यंत '-जी' पोचलेलं आहे, तिथे ते पुन्हा लावून काही होणार नाही. 'टोटल'च्या बाबतीत मात्र त्याला नावच माहीत नाही. म्हणून संदेश शब्दशः वाचायचा. 'व्हेरिएबल दिसत नाही' एवढंच मनात धरून बसलं की माणूस चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतो आणि अख्खा दिवस जातो.

मशीन कोडमध्ये नावं नसतात. तिथे रजिस्टर असतात, मेमरीचे पत्ते असतात, बस्स. 'टोटल' हे नाव, तो इंटिजर आहे ही गोष्ट, तो कुठे ठेवला आहे आणि कोडच्या कोणत्या पट्ट्यात हे नाव वैध आहे, ही सगळी नोंद कम्पायलर वेगळी लिहून ठेवतो. लिनक्सवर त्या नोंदीचा साचा ड्वार्फ नावाचा आहे. डिबगर तुमचा सोर्स कोड वाचून व्हेरिएबल ओळखत नाही, तो ही नोंद वाचतो. सोर्स फाइल तो फक्त ओळी दाखवण्यासाठी उघडतो. त्यामुळे सोर्स फाइल सापडली नाही तरी व्हेरिएबल छापता येतात, आणि सोर्स पडद्यावर नीट दिसत असूनही व्हेरिएबल सापडत नाहीत. ही दुसरी परिस्थितीच लोकांना सर्वांत जास्त चकवते.

आता संदेश नोंदीशी ताडून पाहा. 'नो सिम्बॉल इन करंट कॉन्टेक्स्ट' म्हणजे नावाची नोंदच नाही, किंवा नोंद आहे पण तुम्ही सध्या ज्या जागी थांबला आहात तिथे ती लागू नाही. 'ऑप्टिमाइज्ड आउट' म्हणजे नाव आहे, प्रकार आहे, पण 'कुठे ठेवलं' हा रकाना या क्षणापुरता रिकामा आहे. 'हॅज अननोन टाइप, कास्ट इट टू इट्स डिक्लेअर्ड टाइप' म्हणजे ड्वार्फ नाही, फक्त लिंकरच्या (कम्पाईल झालेल्या फाइल्स जोडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सिम्बॉल टेबलमधून ग्लोबल व्हेरिएबलचं नाव आणि पत्ता मिळाला. तिथे तुम्हीच 'प्रिंट (इंट) टोटल' असा प्रकार सांगितलात की किंमत मिळते. जीडीबीच्या जुन्या आवृत्त्या अशा वेळी न विचारता इंटिजर धरून चालायच्या आणि डबल किंवा पॉइंटरच्या जागी भलताच आकडा दाखवायच्या, म्हणून तसं जुनं जीडीबी हाताशी असेल तर आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

तुमच्या 'टोटल'कडे येऊ. जिथे हा संदेश येतो तिथेच थांबून 'इन्फो सोर्स' द्या. ही कमांड फार कमी लोक वापरतात आणि माझ्या मते या प्रकारच्या दुखण्यात हिच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. उत्तरात 'प्रोड्यूसर' अशी एक ओळ येते. जीसीसी या कम्पायलरने केलेल्या बायनरीत त्या ओळीत कम्पायलरची आवृत्ती आणि ही फाइल प्रत्यक्षात कोणकोणते पर्याय लावून कम्पाईल झाली ते लिहिलेलं असतं. मेकफाइलमध्ये काय लिहिलंय ते सोडा, ही ओळ काय झालं ते सांगते. 'काउंट'च्या फाइलमध्ये थांबून हीच कमांड दिलीत आणि तिथे '-जी'सोबत '-ओ२', म्हणजे ऑप्टिमायझेशनचा पर्याय, दिसला तर 'काउंट'चं कोडं तिथेच सुटलं. आणि 'टोटल'च्या जागेसाठी सोर्सची माहितीच नाही असं उत्तर आलं, तर ही फाइल '-जी'विना तयार झाली आहे.

मेकफाइलमध्ये '-जी' असताना असं कसं होतं? सर्वांत नेहमीचं कारण मेकच्या कामाच्या पद्धतीत आहे. मेक फक्त फाइल्सच्या वेळा पाहतो. सोर्स फाइल तिच्या ऑब्जेक्ट फाइलपेक्षा, म्हणजे तिच्या कम्पाईल झालेल्या रूपापेक्षा, नवी असेल तरच तो पुन्हा कम्पाईल करतो. तुम्ही पर्याय बदललेत याचं त्याला, तशी वेगळी सोय केल्याशिवाय, काही घेणंदेणं नसतं. समजा गेल्या आठवड्यात '-जी' नसताना आठही ऑब्जेक्ट फाइल्स तयार झाल्या, आज तुम्ही '-जी' घातलं आणि एकाच फाइलमध्ये दुरुस्ती केली. आज कम्पाईल होणार ती तेवढी एकच. बाकी सात जुन्या, नोंदीविना तशाच लिंक होणार. तुमची लक्षणं, म्हणजे एका फाइलमध्ये नाव माहीत आणि दुसऱ्या फाइलमध्ये नाही, अगदी या चित्राशी जुळतात. 'मेक क्लीन' करून सगळं नव्याने बांधा.

तेवढ्याने भागलं नाही तर बांधताना पडद्यावर येणाऱ्या कम्पायलरच्या ओळी वाचा, मेकफाइल नव्हे. कमांड लाइनवर 'सीफ्लॅग्ज' देऊन मेक चालवला की मेकफाइलमधलं 'सीफ्लॅग्ज' पूर्ण पुसलं जातं, त्यात '-जी' असेल तर तेही जातं. कधी '-जी' फक्त लिंक करण्याच्या ओळीत असतं. नोंद कम्पाईल करताना तयार होते, त्यामुळे लिंकच्या वेळचं '-जी' तिच्या जागी चालत नाही. सीमेक वापरत असाल तर बिल्ड टाइप रिकामा ठेवल्यास तो स्वतःहून '-जी' लावत नाही. 'डिबग' निवडा. 'रेलविथडेबइन्फो' निवडलंत तर '-जी'सोबत '-ओ२' येतं, आणि मग ऑप्टिमाइज्ड आउट दिसणार हे धरून चाला.

'फाइल' ही कमांड बायनरीवर चालवून 'विथ डीबग इन्फो, नॉट स्ट्रिप्ड' वाचलं आणि निर्धास्त झालो, असं अनेकजण सांगतात. पण आठांपैकी एका जरी ऑब्जेक्ट फाइलमध्ये नोंद असली तरी ही कमांड तेच उत्तर देते. फाइलवार खात्री हवी असेल तर 'रीडएल्फ'ला डिबग माहिती फक्त वरच्या पातळीपर्यंत छापायला सांगा. प्रत्येक सोर्स फाइलसाठी एक 'कम्पाईल युनिट' दिसायला हवं. तुमच्या आठ फाइल्सपैकी जिचं नाव त्या यादीत नाही, तिच्यातलं कुठलंही लोकल व्हेरिएबल जीडीबीला कधीच सापडणार नाही.

बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी, वाचूनही बरंच कळतं. यादीतलं प्रत्येक फंक्शन म्हणजे एक फ्रेम. फ्रेमच्या ओळीत फंक्शनचं नाव, कंसात आर्ग्युमेंटच्या किमती आणि शेवटी फाइल व ओळीचा क्रमांक असेल तर तिथे पूर्ण नोंद आहे. नाव आहे पण कंस रिकामा आणि ओळ क्रमांक नाही, तर फक्त सिम्बॉल टेबल उरलंय. आणि नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं असतील तर बहुतेक वेळा बायनरी पुरती स्ट्रिप झाली आहे, म्हणजे तिच्यातली नावांची नोंद कापली गेली आहे. हे स्ट्रिप होणं कम्पाईलनंतरही घडतं. लिंकरला दिलेलं '-एस', इन्स्टॉल कमांडचा '-एस' पर्याय किंवा पॅकेज तयार करताना आपोआप होणारी पायरी, यातलं कुठलंही नोंद कापून टाकतं. बिल्डच्या फोल्डरमधली बायनरी ठीक आणि इन्स्टॉल केलेली आंधळी, असं दिसलं तर इथे शोधा.

आता समजा नोंद आहे, 'इन्फो सोर्स' सगळं नीट दाखवतंय, तरीही 'नो सिम्बॉल'. मग तुम्ही चुकीच्या जागी उभे आहात. डिबगर नेहमी निवडलेल्या फ्रेमच्या नजरेने पाहतो. प्रोग्रॅम असर्ट फसून पडला तर तो थांबतो सी लायब्ररीच्या आत, सिग्नल पाठवणाऱ्या फंक्शनमध्ये. तुमचं फंक्शन त्याच्या चार-पाच फ्रेम वर असतं. तिथे 'टोटल' विचारणं म्हणजे सी लायब्ररीला तुमचं व्हेरिएबल विचारणं. 'बॅकट्रेस' घ्या, आपल्या फंक्शनचा क्रमांक पाहा, 'फ्रेम'ने तिथे जा, मग विचारा. प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड असतील तर आधी थ्रेड तोच आहे का ते पाहा. 'थ्रेड अप्लाय ऑल बॅकट्रेस' दिलंत की सगळ्यांचे बॅकट्रेस एकदम मिळतात.

योग्य फंक्शनमध्ये असूनही ब्लॉकची मर्यादा राहतेच. 'फॉर'च्या कंसात जाहीर केलेला 'आय' लूप संपल्यावर एका ओळीनेही पुढे दिसत नाही, आणि महिरपी कंसातलं व्हेरिएबल त्या कंसात शिरेपर्यंत दिसत नाही. प्रोग्रॅम न चालवताही हे पाहता येतं. 'इन्फो स्कोप' आणि पुढे फंक्शनचं नाव द्या. त्या फंक्शनच्या सुरुवातीला कोणती नावं लागू आहेत आणि प्रत्येक कुठे ठेवलंय, रजिस्टरमध्ये की स्टॅकवर, ते छापून येतं. याच्या उलटही होतं. सी मध्ये फंक्शनच्या अंगात खाली जाहीर केलेलं व्हेरिएबल ती ओळ चालण्यापूर्वीही डिबगर दाखवतो, पण त्यात कचरा असतो. तो कचरा म्हणजे बग नव्हे, अजून किंमत भरलेली नाही एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या फाइलमधलं स्टॅटिक व्हेरिएबल हवं असेल तर फाइलचं नाव अवतरणात, मग लागोपाठ दोन अपूर्णविराम (::), आणि मग व्हेरिएबलचं नाव, अशी पद्धत आहे. फंक्शनमधल्या स्टॅटिकसाठी फाइलच्या जागी फंक्शनचं नाव. एकाच नावाचं स्टॅटिक तीन फाइल्समध्ये असेल तर ही सवय फार उपयोगी पडते, नाहीतर तुम्ही तासभर भलत्याच व्हेरिएबलवर नजर ठेवून असता. सी प्लस प्लसमध्ये नेमस्पेससकट पूर्ण नाव द्या. फोरट्रानमध्ये मॉड्यूलमधल्या व्हेरिएबलला मॉड्यूलचं नाव आधी लागतं.

आणि एकदा खात्री करा की ते व्हेरिएबलच आहे. डिफाइनने केलेला मॅक्रो प्रीप्रोसेसर गिळून टाकतो, नुसत्या '-जी'च्या नोंदीत त्याचं नाव येत नाही आणि संदेश तोच येतो, 'नो सिम्बॉल'. मॅक्रो हवे असतील तर '-जी३' लावून कम्पाईल करा, मग 'प्रिंट'मध्ये मॅक्रोही चालतात. कुठेच न वापरलेलं स्टॅटिक व्हेरिएबल कम्पायलर नोंदीतूनही वगळू शकतो. डिबगमध्ये पाहण्यापुरतंच ते ठेवलं असेल तर त्याला 'युज्ड' ॲट्रिब्यूट लावा.

नोंद आहे, जागा बरोबर आहे, पण नोंद दुसऱ्याच आवृत्तीची आहे, हा प्रकार मला स्वतःला सर्वांत महागात पडला. मी एका शेअर्ड लायब्ररीतल्या स्ट्रक्चरमध्ये पुन्हा प्रयत्नांची मोजणी ठेवणारं नवं फील्ड घातलं होतं. जीडीबी म्हणे 'देअर इज नो मेंबर नेम्ड...' आणि पुढे माझ्या फील्डचं नाव. बाकीची सगळी फील्ड्स दिसत होती. मी हेडर पाहिलं, क्लीन बिल्ड केलं, कम्पायलरवर संशय घेतला, दोन दिवस घालवले. शेवटी 'इन्फो शेअर्डलायब्ररी' दिलं आणि लोड झालेल्या लायब्ररीचा पूर्ण पाथ वाचला. प्रोग्रॅम माझ्या बिल्ड फोल्डरमधली लायब्ररी घेतच नव्हता. पूर्वी कधीतरी सिस्टिमच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलेली त्याच नावाची जुनी प्रत तो उचलत होता. डिबगर पहिल्या मिनिटापासून खरं बोलत होता. तेव्हापासून एखादं फील्ड नाही म्हटलं की मी आधी पाथ बघतो. जीडीबी 'सोर्स फाइल इज मोअर रीसेंट दॅन एक्झिक्युटेबल' अशी ताकीद देतो तीही गंभीरपणे घ्या. त्या वेळी ओळी एका आवृत्तीच्या आणि नोंद दुसऱ्या आवृत्तीची असते.

अशीच एक गल्लत नोंदीच्या साच्याच्या आवृत्तीची. ड्वार्फ ५ हे मानक २०१७ मध्ये आलं. जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, आणि क्लँग १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, नुसत्या '-जी'ने ड्वार्फ ५ लिहिलं जातं. कम्पायलर नवा आणि डिबगर जुना असेल तर डिबगरला ती नोंद वाचताच येत नाही. बायनरी उघडतानाच 'ड्वार्फ एरर, राँग व्हर्जन' अशी ओळ येते, पण ती वर निघून जाते आणि लोक खालचा 'नो सिम्बॉल'च वाचतात. डिबगर नवा घ्या. ते शक्य नसेल तर '-जीड्वार्फ-४' लावून कम्पाईल करा.

आता 'काउंट'. ऑप्टिमाइज करताना कम्पायलर व्हेरिएबलला कायमची जागा देत नाही. किंमत जोवर लागते तोवर ती एखाद्या रजिस्टरमध्ये असते. शेवटचा वापर झाला की ते रजिस्टर दुसऱ्या कामाला जातं. म्हणून एकाच फंक्शनमध्ये चौथ्या ओळीवर 'काउंट' दिसतो आणि नवव्या ओळीवर नाही. डिबगर इथे नादुरुस्त नाही. ती किंमत त्या क्षणी कुठे आहे हे नोंदीत नाही, आणि बऱ्याचदा ती या फंक्शनकडे खरोखरच उरलेली नसते.

सोपा उपाय '-ओ०', म्हणजे मोठा ओ आणि शून्य. यात प्रत्येक व्हेरिएबलला स्टॅकवर घर मिळतं आणि तो पूर्ण वेळ तिथेच राहतो. '-ओजी' हा पर्याय जीसीसी ४.८ मध्ये, २०१३ साली आला. डिबगिंगला अनुकूल असं बेताचं ऑप्टिमायझेशन असा त्याचा हेतू, पण त्यातही ऑप्टिमाइज्ड आउट दिसतं. शक्य असेल तिथे मी '-ओ०'च वापरतो. अख्खा प्रोग्रॅम त्यावर फार मंद होत असेल तर तेवढीच एक फाइल '-ओ०'ने कम्पाईल करा.

पण '-ओ०' लावल्यावर बगच नाहीसा झाला तर ते चांगलं लक्षण समजू नका. किंमत न भरता वापरलेलं व्हेरिएबल, ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणं, थ्रेडमधली शर्यत, यांची ती नेहमीची खूण आहे. तेव्हा '-ओ२'वरच राहून किंमत मिळवावी लागते, आणि बहुतेक वेळा ती मिळते. व्हेरिएबलचा शेवटचा वापर जिथे आहे त्याच्या आधी ब्रेकपॉइंट टाका. एक फ्रेम वर जाऊन कॉल करणाऱ्याने काय दिलं होतं ते पाहा, तिथे तीच किंमत बऱ्याचदा जिवंत असते. 'काउंट' एखाद्या फंक्शनकडून आला असेल तर त्या फंक्शनमध्ये थांबून 'फिनिश' द्या, परत आलेली किंमत जीडीबी छापतो. काहीच हाती लागलं नाही तर 'डिसअसेम्बल'ला सोर्ससकट दाखवण्याचा '/एस' पर्याय देऊन किंमत कोणत्या रजिस्टरमधून कुठे जाते ते बोटाने वाचत जा. पहिल्यांदा अवघड जातं, तिसऱ्या वेळेपर्यंत हात बसतो. व्हेरिएबलला तात्पुरतं व्होलाटाइल करणं (म्हणजे त्याची किंमत दर वेळी मेमरीतूनच वाचायला-लिहायला लावणं) हाही मार्ग आहे, पण त्याने कोड बदलतो आणि शर्यतीचा बग लपू शकतो, म्हणून तो मी शेवटी ठेवतो.

दुसऱ्या यंत्रणांवर तत्त्व हेच, फक्त नोंदीची जागा वेगळी. मॅकवर क्लँग नोंद ऑब्जेक्ट फाइल्समध्येच ठेवतो, बायनरीत फक्त त्यांचा पत्ता असतो. ऑब्जेक्ट फाइल्स पुसल्या किंवा हलवल्या की तिथला डिबगर एलएलडीबी आंधळा होतो. त्यासाठी 'डीसिमयुटिल' चालवून वेगळं बंडल करून ठेवतात. विंडोजवर नोंद पीडीबी फाइलमध्ये असते आणि ती नेमक्या त्याच बिल्डची लागते. नाव तेच पण बिल्ड दुसरा असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ ती घेत नाही, मॉड्यूल्सच्या खिडकीत सिम्बॉल लोड झाले का ते दिसतं. गो मध्ये ऑप्टिमायझेशन आणि इनलायनिंग '-एन -एल' देऊन बंद करावं लागतं. रस्टचा रिलीज प्रोफाइल मुळात डिबग माहिती लिहीत नाही, ती कार्गोच्या फाइलमध्ये मागावी लागते.

तुमचा प्रोग्रॅम पुढे दुसऱ्यांकडे जाणार असेल तर आत्ताच एक सोय करून ठेवा. रिलीजही '-जी' लावूनच बांधा. '-जी'ने जीसीसीचा मशीन कोड बदलत नाही, फाइल तेवढी मोठी होते. मग 'ऑब्जकॉपी'च्या 'ओन्ली कीप डिबग' पर्यायाने नोंद वेगळ्या फाइलमध्ये काढा, मूळ बायनरी स्ट्रिप करून द्या, आणि ती वेगळी फाइल जपून ठेवा. बायनरी आणि नोंद एकाच बिल्डच्या आहेत का हे ठरवणारा बिल्ड आयडी दोन्हींत असतो, 'रीडएल्फ -एन' तो दाखवतं. लिंकर तो टाकत नसेल तर त्याला सांगून टाकायला लावा. सहा महिन्यांनी कुणी कोअर फाइल (प्रोग्रॅम कोसळल्या क्षणाची मेमरीची प्रत) पाठवली तर आधी हे दोन आयडी जुळवा, मग जीडीबी उघडा.